वसाहतीतील रस्त्यांवरचा वेग कमी कसा करावा : गतिरोधकाच्या आधी काय आणि नंतर काय

मराठवाड्यातील कोणत्याही शहरात अंतर्गत रस्त्याचे सिमेंट काँक्रिटीकरण पूर्ण झाले की काही महिन्यांतच त्या वसाहतीतून प्रभाग कार्यालयात एक अर्ज जातो : वाहने सुसाट जातात, तरी गतिरोधक टाकून मिळावेत. तक्रार रास्त असते, मागणी मात्र अपुरी असते. जुन्या रस्त्यावर वेग रोखण्याचे काम खड्डेच करीत होते. ते बुजले, पण रस्त्याची रचना बदलली नाही, त्यामुळे वाहनचालकाला एक रुंद, सरळ आणि गुळगुळीत पट्टा मोकळा मिळाला. चालक आपला वेग फलक वाचून क्वचितच ठरवतो. समोर किती लांबवर दिसते, रस्ता किती रुंद आहे आणि कडेने काही अडथळा आहे का, यावरून तो नकळत ठरतो. म्हणून वेग कमी करण्याचे खरे काम रस्त्याचा आकार बदलण्याचे आहे आणि गतिरोधक हे त्यातील एक, तेही बहुधा शेवटी वापरायचे साधन आहे. रहिवाशांची समिती, सोसायटीचे पदाधिकारी किंवा एखादा जागरूक नगरसेवक यांना हे काम कोणत्या क्रमाने करता येईल, ते पुढे दिले आहे.

उद्दिष्ट : ताशी ३० किलोमीटर

निवासी रस्त्यासाठी ताशी ३० किलोमीटर हे उद्दिष्ट ठेवावे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ता सुरक्षाविषयक जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, पादचारी, सायकलस्वार आणि वाहने जेथे एकत्र वावरतात तेथे हीच मर्यादा सुचवलेली आहे. त्यामागचे गणित कोणालाही पडताळून पाहता येते. मूल रस्त्यावर आल्याचे दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात ताशी ३० च्या वेगातील वाहन साडेबारा मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे पाच मीटरांत थांबते. ताशी ५० च्या वेगात त्याच दीड सेकंदात वाहन जवळजवळ एकवीस मीटर गेलेले असते. म्हणजे पहिले वाहन जेथे पूर्ण थांबले, तेथे दुसऱ्याचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो.

कायद्याने आपोआप मिळणारी मर्यादा मात्र याच्या जवळपासही नाही. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतील रस्त्यांसाठी मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ताशी ६० किलोमीटर अशी कमाल मर्यादा आहे. त्यामुळे आपल्या गल्लीतून पन्नासने जाणारा दुचाकीस्वार कागदोपत्री वेगमर्यादा मोडत नसण्याची शक्यता असते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ नुसार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला विशिष्ट भागासाठी किंवा रस्त्यासाठी कमी मर्यादा अधिसूचित करता येते. ही मागणी अर्जात स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहावी. ती बहुतेक अर्जांत नसतेच.

आधी मोजावे

‘फार वेगाने जातात’ हे वाक्य अभियंत्याच्या टेबलावर टिकत नाही, आकडा टिकतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रस्त्याच्या सरळ भागात ५० मीटर अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना खडूने आडव्या रेघा माराव्यात आणि प्रत्येक वाहनाला हे अंतर कापायला किती सेकंद लागतात ते मोबाइलमधील स्टॉपवॉचवर पाहावे. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात : सहा सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. मोजणाऱ्याने रस्त्यापासून दूर, शक्यतो एखाद्या ओट्यावर किंवा गच्चीवर बसावे, कारण हातात वही घेतलेला माणूस कडेला उभा दिसला की चालक हळू होतात आणि मोजणीला अर्थ राहत नाही.

एका वेळी निदान चाळीस वाहनांची नोंद घ्यावी आणि वेग चढत्या क्रमाने लावावेत. चाळिसांपैकी चौतिसाव्या वाहनाचा वेग हा आपल्या कामाचा आकडा होय, कारण शंभरात पंच्याऐंशी वाहने ज्या वेगापेक्षा अधिक वेगाने जात नाहीत, तोच वेग वाहतूक अभियंते आधार म्हणून धरतात. सरासरी काढू नये. गर्दीच्या वेळची रांगणारी वाहने सरासरी खाली ओढतात आणि खरा धोका झाकला जातो.

मोजणीच्या वेळा वसाहतीच्या स्वभावानुसार निवडाव्यात. लातूरच्या शिकवणी भागात किंवा नांदेडच्या क्लासेसच्या परिसरात दुपारी बाराला मोजून काही कळणार नाही. एक बॅच सुटून दुसरी भरते ती पंधरा-वीस मिनिटे तेथे निर्णायक असतात. औद्योगिक वसाहतीजवळच्या नगरांत पाळी बदलण्याची वेळ धरावी. साखर कारखान्याच्या वाटेवरील गावांत आणि उपनगरांत गळीत हंगामातील रात्र धरावी, कारण उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तेव्हाच आत शिरतात.

वाहने कोणाची, हे शोधावे

वेगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ही वाहने वसाहतीतलीच आहेत की केवळ आरपार जाणारी. दोन तरुण रस्त्याच्या दोन टोकांना बसवून अर्धा तास वाहन क्रमांकांचे शेवटचे चार आकडे लिहून घेतले, तर जे वाहन एका टोकाने शिरून दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडले ते बाहेरचे, असा ढोबळ हिशेब निघतो. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. अशा ठिकाणची किंवा एखाद्या सिग्नलची कोंडी टाळायला चालक शेजारची वसाहत शोधणारच.

आरपार वाहतूक जास्त निघाली, तर वेगाचे उपाय दुय्यम ठरतात आणि मार्गच कमी सोयीचा करावा लागतो : एका टोकाला फक्त दुचाकी व पादचारी जातील असे खांब बसवणे, एकेरी वाहतूक अशा तऱ्हेने आखणे की सरळ आरपार जाता येऊ नये, किंवा जड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी. एकेरी वाहतुकीबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. समोरून वाहन येत नाही हे कळले की चालक आणखी वेग घेतो, म्हणून सरळ आणि लांब रस्ता नुसता एकेरी करून सोडू नये. वाहने वसाहतीतलीच निघाली, तर मात्र बैठक घ्यावी लागते, आणि ही बैठक थोडी अवघड असते. कारण मोठ्या आवाजाची बुलेट कोणाच्या मुलाची, हे सर्वांना माहीत असते आणि बोलत कोणी नाही.

क्लासेसच्या भागात रस्त्याला हात लावण्याआधी संचालकांशी बोलून दोन बॅचमध्ये वीस मिनिटांचे अंतर ठेवण्याची विनंती करावी. खर्च शून्य आहे आणि गर्दीचा उंचवटा बराच सपाट होतो.

रस्ता कोणाचा, परवानगी कोणाची

छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना येथे महानगरपालिका आहेत. तेथे प्रभाग कार्यालय आणि शहर अभियंता हे संबंधित अधिकारी होत. बीड, धाराशिव, हिंगोली येथे नगरपरिषद असल्याने अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे जातो. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल, तर पालिकेला त्यावर काही करता येत नाही, म्हणून ही खातरजमा अगोदर करावी. नव्या ले-आऊटमधील रस्ता अजून पालिकेकडे हस्तांतरित झालेला नसतो, हीही अडचण वारंवार येते. अशा वेळी विकासकाला पक्षकार करावे लागते. एकेरी वाहतूक, जड वाहनांना बंदी आणि वाहतूक फलक या बाबी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ व ११६ खाली येतात, म्हणून वाहतूक पोलीस शाखेचा अभिप्राय लागतो आणि अर्जाची एक प्रत त्यांना पहिल्या दिवशीच द्यावी.

उपाय निवडताना

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे रंग. संभाजीनगर आणि नांदेड येथील सिडकोने आखलेल्या भागांत अंतर्गत रस्ते बऱ्यापैकी रुंद आहेत. दुतर्फा वाहतुकीच्या निवासी रस्त्याला सहा मीटरचा वाहता पट्टा पुरतो. उरलेली रुंदी कडेला पांढरी रेघ मारून पार्किंगसाठी आणि चालण्यासाठी वेगळी काढली, की तोच रस्ता चालकाला अरुंद वाटू लागतो. पार्किंग एका सलग बाजूला न ठेवता दर चाळीस-पन्नास मीटरांनी डावीकडून उजवीकडे बदलले, तर सरळ रस्त्याला आपोआप नागमोडी वाट मिळते. यासाठी एक वीटही लागत नाही. शेजाऱ्यांची संमती मात्र लागते, आणि ती विटेपेक्षा महाग पडते.

दुसरा उपाय कोपऱ्यांचा. आपल्याकडे चौकाचे कोपरे इतके गोलाकार कापलेले असतात की मोटार वळताना वेग कमी करायची गरजच पडत नाही. कोपरा पदपथासह पुढे आणून वळणाची त्रिज्या तीन-चार मीटरांवर आणली, तर वळणाऱ्या वाहनाला हळू व्हावेच लागते आणि पादचाऱ्याला ओलांडायचे अंतरही घटते. मात्र अग्निशामक वाहन, घंटागाडी आणि पाण्याचा टँकर वळू शकेल याची प्रत्यक्ष वाहन नेऊन खात्री करावी. रस्ता मध्येच अरुंद करायचा असेल, तरी मोकळी रुंदी साडेतीन मीटरांखाली नेऊ नये.

वसाहतीतील चौकात छोटे वर्तुळ हा उपाय चांगला आहे, पण तो आपल्या गावांत जपून वापरावा. वर्तुळ सपाट, बुटके आणि पलीकडचे दिसेल असे हवे. ते बांधून झाले की पहिल्याच वर्षी त्यात झेंड्याचा खांब, दुसऱ्या वर्षी नामफलक आणि त्यानंतर आणखी काही उभे राहते, दृष्टी अडते आणि मग ते हलवण्याचे धाडस कोणताच अधिकारी करीत नाही. त्याऐवजी संपूर्ण चौकच आठ-दहा सेंटिमीटर उंच करणे मला अधिक पसंत आहे. चारही बाजूंनी येणारे वाहन उतारावरून वर चढते, पादचारी जवळजवळ पदपथाच्याच पातळीवर चालतो आणि मिरवणुकीच्या वाटेत काही येत नाही. शाळेसमोर हाच उपाय उंचावलेल्या झेब्रा क्रॉसिंगच्या रूपात करावा : माथा चार मीटर सपाट, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा उतार, उंची दहा सेंटिमीटर.

परदेशात वापरले जाणारे तुटक उंचवटे, ज्यांच्या फटीतून बसची चाके सरळ निघून जातात, ते येथे निरुपयोगी आहेत; आपल्या रस्त्यांवर बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत आणि ती सगळी त्याच फटीतून वेगाने जातील. लागोपाठच्या बारीक खडखडणाऱ्या पट्ट्या वसाहतीत घालू नयेत, रात्रभर आवाज होतो. बोल्टने बसवायचे तयार रबरी गतिरोधकही टाळावेत : वर्षभरात तुकडे निघतात आणि रस्त्यावर खिळ्यासारखे बोल्ट उरतात.

गुंठेवारी वसाहतींचा प्रश्न वेगळा आहे. तेथे पंधरा-वीस फुटांचा रस्ता, पदपथ नाही आणि घराचा उंबरठा थेट रस्त्यावर. पदपथासाठी जागा नसताना त्याची मागणी करीत बसण्यापेक्षा, संपूर्ण रस्ताच पादचाऱ्यांचा मानून वाहनाला पाहुण्यासारखे आत घ्यावे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाअखेरीस अशा रस्त्यांची सुरुवात झाली आणि १९७६ मध्ये त्यांना तेथे कायदेशीर दर्जा मिळाला. आपल्याकडे त्याचे साधे रूप शक्य आहे : प्रवेशाशी उंचावलेला पट्टा, आत पेव्हर ब्लॉकचा सलग पृष्ठभाग, मध्ये मध्ये डावी-उजवीकडे एखादे झाड किंवा बाक, आणि प्रवेशावर वेगमर्यादेचा फलक.

जो उपाय निवडला असेल तो पक्का बांधण्याआधी पालिका व पोलिसांच्या संमतीने तीन-चार आठवडे तात्पुरता करून पाहावा. रंग, रेतीच्या गोण्या, परावर्तक पट्टी लावलेले ड्रम एवढ्यावर कोपरे पुढे आणता येतात आणि अरुंद वाटही दाखवता येते. घंटागाडी कोठे अडते, स्कूल व्हॅन कोठे उलटी घ्यावी लागते, हे नकाशावर दिसत नाही. सुटे दगड किंवा विटा मात्र कधीही ठेवू नयेत.

गतिरोधक घालायचाच असेल तर

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१५ च्या अपघात अहवालात गतिरोधकांवर झालेल्या अपघातांतील मृत्यूंची संख्या तीन हजारांहून अधिक नोंदवली आहे. चुकीचा गतिरोधक हा उपाय राहत नाही, तो स्वतःच धोका होतो. एक-दीड फूट रुंद आणि अर्धा फूट उंच असा जो उंचवटा गल्लोगल्ली दिसतो, तो हळू जाणाऱ्या रिक्षातील गर्भवतीला आणि पाठदुखीच्या रुग्णाला सर्वाधिक धक्का देतो. वेगाने जाणाऱ्या मोटारीचा धक्का तिचे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर बऱ्याच अंशी गिळतात. ज्याला अडवायचे तो सुटतो.

ब्रिटनमधील परिवहन संशोधन प्रयोगशाळेने १९७३ मध्ये सुचवलेला लांबट उंचवटा याच कारणासाठी जगभर स्वीकारला गेला, आणि रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या आयआरसी-९९ या मार्गदर्शिकेतही तीच मापे आली : रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, आणि वक्राची त्रिज्या १७ मीटर. त्यावरून ताशी सुमारे २५ किलोमीटरने सुखरूप जाता येते. या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये वाहतूक शांत करण्याच्या सर्वच उपायांसाठी निघाली; अर्जात तिचा उल्लेख करावा.

ठेकेदाराचा मिस्त्री सतरा मीटर त्रिज्या डोळ्यांनी ओळखू शकत नाही, म्हणून प्लायवूडचा साचा करून घ्यावा. मध्यावर १० सेंटिमीटर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९.३, एक मीटरवर ७.१, दीड मीटरवर ३.४ आणि १.८५ मीटरवर शून्य, असे बिंदू जोडले की वक्र तयार होतो. काम चालू असतानाच हा साचा तीन ठिकाणी उभा करून पाहावा. काँक्रीट वाळल्यावर तक्रार करून कोणी ते तासून देत नाही.

मराठवाड्यात दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा बांधीव भाग त्याबरोबर हलतो. रस्ता नवीनच होत असेल, तर उंचवट्याखालची काळी माती काढून मुरूम भरून दाबून घ्यावा. जुन्या काँक्रीटवर उंचवटा बसवायचा असेल, तर पृष्ठभाग टाचून खडबडीत करावा आणि दोन्ही कडांना चार-पाच सेंटिमीटर खोल खाच कापावी, नाहीतर निमुळती कड पहिल्या पावसाळ्यातच उडते. दुसरी गोष्ट टँकर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये केवळ पाण्याचेच वजन दहा टन असते, आणि उन्हाळ्यात असे टँकर दिवसभर फिरतात. आखूड उंचवट्यावरून त्यांची चाके आदळली की उंचवटा फुटतोच, शिवाय खालची जलवाहिनी जोडावर गळू लागते. लांबट उंचवट्यावर ती आदळत नाहीत. काँक्रीटचे काम उन्हाळ्यात केल्यास ओले गोणपाट अंथरून निदान आठवडाभर पाणी मारावे आणि अर्धा-अर्धा रस्ता करून वाहतूक चालू ठेवावी.

जागा निवडताना वळण, तीव्र उतार, मॅनहोल, व्हॉल्व्ह आणि कोणाच्याही फाटकासमोरची जागा टाळावी. मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक मुख्य रस्त्याच्या कडेपासून पाच मीटर आत असावा. एकच गतिरोधक घातला, तर वाहन तेथे हळू होऊन पुढे दुप्पट उर्मीने वेग घेते. म्हणून लांब रस्त्यावर १०० ते १२० मीटर अंतराने मालिका हवी. पावसाचे पाणी अडू नये म्हणून कडेला गटाराजवळ फट ठेवावी, पण तिच्यातून दुचाकी जाऊ नये यासाठी तेथे एक खांब बसवावा. उंचवट्याच्या ४० मीटर आधी इशाऱ्याचा फलक, उंचवट्यावर काचमणी असलेल्या थर्मोप्लास्टिक रंगाचे पट्टे, कडेला कॅट्स आय म्हणजे दिव्याच्या उजेडात चमकणारे परावर्तक खडे, आणि शक्य असेल तर पथदिव्याखालचीच जागा. रंगाविना गतिरोधक एक रात्रसुद्धा उघडा ठेवू नये. ठेकेदाराचे देयक रंग आणि फलक लागल्यावरच निघावे, अशी अट निविदेतच घालता येते.

स्लॅबचे उरलेले काँक्रीट ओतून रहिवाशांनी स्वतः गतिरोधक करणे हा गैरप्रकार आहे, हेतू कितीही चांगला असो. त्यावर कोणी पडून दगावले, तर बांधणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसरीकडे, मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न झाल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘कसाही चालेल, पण लवकर टाका’ असे म्हणण्यापेक्षा अभियंत्याला या कलमाची आठवण करून देणे रहिवाशांच्याही हिताचे आहे.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नसावा. सोबत हाताने काढलेला पण मापे लिहिलेला नकाशा, वेगाच्या नोंदींचा तक्ता, शाळा, अंगणवाडी, मंदिर, दवाखाना यांच्या जागा, सुचवलेले उपाय, आणि ज्यांच्या घरासमोर उंचवटा येणार त्यांची लेखी संमती जोडावी. ही संमती सर्वांत महत्त्वाची, कारण नंतर आवाजाची आणि धुराची तक्रार तेच करतात. स्थळपाहणी संयुक्त व्हावी, म्हणजे पालिका अभियंता आणि वाहतूक पोलीस एकाच वेळी यावेत, अशी स्पष्ट विनंती करावी. आवक क्रमांक घेऊन ठेवावा. ठरावीक काळात उत्तर आले नाही, तर ‘आपले सरकार’ या शासनाच्या संकेतस्थळावर तक्रार किंवा माहितीचा अधिकार अधिनियम २००५ अन्वये अर्जावरील कार्यवाहीची मागणी करावी, त्या कायद्यात उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. अपघात झालेला असेल, तर प्रकरण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसमोर ठेवण्याची मागणी करावी आणि पोलिसांतील नोंदीचा क्रमांक द्यावा.

काम झाल्यावर एक महिना जाऊ द्यावा आणि त्याच खडूच्या रेघांवर, त्याच वेळी, पुन्हा चाळीस वाहने मोजावीत. चौतिसावे वाहन अजूनही ताशी ३५ च्या वर असेल, तर उपाय अपुरा आहे. बहुधा दोन उपायांमधले अंतर जास्त राहिलेले असते. शेजारच्या समांतर गल्लीतही मोजावे, कारण वाहतूक तिकडे सरकली असेल तर पुढचा अर्ज त्यांचा येईल आणि तो तुमच्याविरुद्ध असेल. रंग दर दिवाळीआधी नव्याने मारून घ्यावा. जलवाहिनी, भूमिगत गटार किंवा इंटरनेटच्या तारेसाठी रस्ता खोदला गेला, तर गतिरोधकाचा कापलेला भाग मूळ साच्याप्रमाणेच भरून देण्याची अट खोदकामाच्या परवानगीत घालण्यास सांगावे आणि तो प्लायवूडचा साचा सोसायटीच्या कार्यालयात जपून ठेवावा.